दाखवायचा अंधार

"काढ ती प्लेट. आणि पत्रा वाजवू नकोस, अख्ख्या रानाला कळेल," मामा खालून म्हणाला.

मी शिडीच्या चौथ्या पायरीवर एका पायावर लोंबकळत होतो. माझा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. याच मामाच्या तंबाखू वाळवायच्या मांडवावरून पडून तो मोडला, त्याला अकरा वर्षं झाली. मला बैलगाडीत घालून दवाखान्यात पाठवताना मामाने गाडीवानाला बजावलं होतं, आधी बाजारातून खताची पोती भर, मग दवाखाना गाठ. त्या पोत्यांवर आडवा पडून मी दवाखान्यात पोचलो. हाड जुळलं, पण वेडंवाकडं जुळलं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचा, एसिनाटीचा मामा, आणि आमच्या चिम्फेपो गावाचा प्रमुख. आमच्यात नवरा लग्न करून बायकोच्या गावी राहायला येतो. बायकोच्या मामाच्या शेतात राबायचं, त्याच्यासमोर मान खाली घालायची आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम. जावयाचे लाड करणारी माणसं जगात कुठे असतील तर असोत, माझी त्यांच्याशी गाठ पडलेली नाही. पंचवीस वर्षं मी या गावात घरजावई आहे. पाय मोडल्यावर कुदळ हातातून गेली, आणि कुदळ न मारणारा जावई म्हणजे फुकट खाणारं एक तोंड. तीन वर्षं मी ते तोंड होतो. कोंबडीसुद्धा माझ्या वाटेतून बाजूला होत नव्हती.

मग मी ही सोलरची प्लेट आणली. मोडीत निघालेल्या एका लॉरीची बॅटरी आणली, रस्त्याकडेला दोन पत्र्यांची टपरी ठोकली, पुढे एक बाक टाकला. गावात लाईट नाही, पण फोन घरटी एक आहे. तेव्हापासून माणसं माझ्या बाकावर येऊन बसतात आणि "लुफेयो, जरा लवकर लाव रे बाबा" म्हणून विनवतात. त्याच बॅटरीवर केस कापायचं मशीन चालतं, त्यामुळे गावातल्या प्रत्येक पोराचं डोकं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. लंगड्याला 'बाबा' म्हणायला लावणारी ती प्लेट त्या सकाळी मी स्वतःच्या हाताने खाली उतरवली.

कारण झोम्बा शहरातल्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी येणार होती. लाईट नसलेली गावं बघत ती फिरत होती. नदीच्या या अंगाला आम्ही तीन गावं. ती जे लिहून नेणार होती त्यावरून तिघांपैकी एका गावात विजेचे खांब उभे राहणार होते. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं मामाने स्वतःच्या डोक्याने ठरवलं.

"पुराच्या वर्षी काय झालं, विसरलास?" तो म्हणाला. "ज्याच्या छपरावर पत्रा, त्याला दाणा नाही. ज्याच्या छपरावर गवत, त्याला मका, ब्लँकेट, साबण, बादली. बादलीसुद्धा! आपले पत्रे बघून त्या लोकांनी गाडी वळवली. तेव्हा मी शहाणा झालो. यादीवाली माणसं अंधार बघायला येतात. आपण त्यांना अंधार दाखवायचा."

"पण मामा, ब्लँकेट वेगळं आणि लाईट..."

"तुला कोणी विचारलं का?"

मी गप्प बसलो. त्यात मी पटाईत आहे.

तासाभरात गावातले पाचही सोलरचे कंदील, दोन रेडिओ आणि गोणीभर फोन गोळा झाले. सुगी नुकतीच संपलेली, सगळ्यांच्या कणग्या गळ्यापर्यंत भरलेल्या. प्रत्येकाने आपापल्या कणगीचं झाकण उचललं आणि कणसांच्या खाली आपापला उजेड पुरला. माझी प्लेट एसिनाटीच्या कणगीत गेली. टपरीवरून तारेचं एक टोक तेवढं लोंबत राहिलं. मामाच्या ते लक्षात आलं नाही.

एसिनाटी प्लेटवर कणसं रचत होती. डाव्या हाताने. तिचा उजवा हात सकाळी सकाळी बधिर असतो.

तिच्या मानेचं सांगायलाच हवं. पिठाची गिरणी आमच्यापासून चालत अडीच तासांवर आहे, डिझेलवर चालणारी. दळणाची टोपली डोक्यावर घ्यायची, नदी उतरायची, चढ चढायचा, रांगेत बसायचं आणि तसंच परत. आमचे दोन्ही मुलगे रीतीप्रमाणे आपापल्या बायकांच्या गावी गेले, आणि माझा पाय हा असा. गेल्या पावसाळ्यात नदीतल्या दगडावरून तिचा पाय सरकला. टोपली पडू दिली नाही तिने, पण मानेत काहीतरी कट्कन वाजलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिला स्वच्छ सांगितलं की यापुढे डोक्यावर ओझं घेतलंस तर एक दिवस दोन्ही हात गमावशील. ती म्हणाली, बरं. आणि पुढच्या आठवड्यात टोपली उचलून चालू लागली. खाणार काय?

पण लाईट आली तर गावात गिरणी येणार होती. बाजारातल्या एका व्यापाऱ्याने तसा शब्द दिला होता, खांब दिसला की दुसऱ्या दिवशी मोटर आणतो म्हणून. एसिनाटीने जागासुद्धा हेरून ठेवली होती, आमच्या घरामागची. लेकीचं लग्न ठरल्यासारखी ती त्या गिरणीबद्दल बोलायची. दार कुठल्या बाजूला ठेवायचं, पीठ उडून शेजारच्यांच्या धुण्यावर बसेल का, सगळं.

"येईल ना हो लाईट?" कणसं रचता रचता तिने मला विचारलं.

"येईल."

"मामांचं हे असलं सोंग मला आवडत नाही. पण लाईट येणार असेल तर मी उघडी होऊन नाचेन."

सोंग तिला आवडत नव्हतं. मला तर बघवत नव्हतं. पोरांच्या पायांतल्या चपला काढून घेतल्या. ज्यांचे सदरे धड होते त्यांना भावंडांचे फाटके सदरे चढवले, ते बगलेत घट्ट बसून पोरं हात वर करून चालायला लागली. म्हातारी एलुबी, जी आठवड्यापूर्वी लग्नात रात्रभर नाचली होती, तिला मामाने चटईवर बसवलं आणि पुढ्यात रॉकेलची चिमणी पेटवून ठेवली. सकाळचे दहा वाजले होते. डोक्यावर लख्ख ऊन, आणि त्या उन्हात ती चिमणी काळा धूर ओकत होती.

"खोकून दाखव," मामा म्हणाला.

एलुबी खोकली.

"असं नाही. खोलातून."

ती असं काही खोकली की कुत्री उठून लांब गेली. माणसं पोट धरून हसली. "आजी, अजून दोनदा खोकलीस तर आपल्याला रेल्वेसुद्धा मिळेल," कोणीतरी म्हणालं. मीही हसलो. आज ते आठवलं की मला माझ्याच तोंडाची किळस येते.

त्यातही सर्वांत घाण होती ती जेवणाची गोष्ट. पाहुणा आला की कोंबडी कापायची, आणि कापण्यापूर्वी ती जिवंत पाहुण्याच्या हातात द्यायची, ही आमची रीत. दुष्काळातसुद्धा कोणी मोडत नाही. एसिनाटीने तांबडी कोंबडी बांधून ठेवली होती.

"सोड तिला," मामा म्हणाला. "कोंड्याचा न्सिमा कर. आणि नुसती भेंडी. मीठ घालू नकोस."

न्सिमा आम्ही मक्याच्या पांढऱ्या पिठाचा करतो. कोंडा कोंबड्यांना घालतो, आणि फार वाईट वर्षी स्वतः खातो, दार लावून, कोणी बघणार नाही असा.

"मामा, ती पाहुणी आहे," एसिनाटी म्हणाली. "कणग्या तुडुंब असताना मी पाहुणीपुढे कोंडा ठेवू? माझी आई थडग्यातून उठून येईल."

"आली तर तिलाही कोंडाच वाढ," मामा म्हणाला.

मुलगी आली ती मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून, धुळीने भुवयांपर्यंत माखून. बावीसएक वर्षांची, बारीक, खांद्याला पिशवी. वेझी न्यासुलु तिचं नाव. उत्तरेकडच्या तुंबुका जमातीची होती, आमची भाषा जरा ठेचकाळत बोलायची, पण गुडघे टेकून, टाळ्या वाजवून तिने सगळ्यांना रीतसर नमस्कार केला. म्हाताऱ्यांना तिने बरोबर आधी गाठलं. वळण चांगलं होतं पोरीचं. मामाने तिला आंब्याखाली एकुलत्या एका मोडक्या खुर्चीवर बसवलं. घरात चार धड खुर्च्या होत्या, त्या त्याने सकाळीच आत टाकल्या होत्या.

"मॅडम, आम्ही गरीब आहोत," मामाने सुरुवात केली. "या गावाने उजेड कसा असतो ते बघितलेलं नाही. सूर्य बुडला की आम्ही आंधळे. ही म्हातारी बघा, धुराने हिची छाती गेली."

एलुबी खोकली. जरा जास्तच झालं.

वेझीने त्या चिमणीकडे बघितलं, मग वर सूर्याकडे बघितलं. मग तिने समोर बसलेल्या पोरांतल्या एकाला जवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावरून बोट फिरवलं. कानाच्या वर दोन सरळ बारीक रेघा कोरलेल्या, मानेवर केस असे उतरत गेलेले की हाताला कळूही नये. माझंच काम. शनिवारी कापले होते.

"केस छान कापलेत," ती म्हणाली. "कशाने कापता?"

"ब्लेडने," मामा म्हणाला.

"सगळ्यांचे?"

"आमच्याकडे एक जण आहे, त्याचा हात फार सरळ चालतो."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघायचं टाळलं. चाळीस माणसांनी एकाच वेळी दुसरीकडे बघितलं की कोणाकडे बघायचं नाही ते आपोआप कळतं. वेझीने मला हेरलं.

मग जेवण आलं. कोंड्याचा न्सिमा मातकट, भोकाभोकांचा, ताटात नीट बसतही नव्हता. सोबत भेंडीचा अळणी चिकट रस. आमच्यात पाहुण्याला एकटं जेवू घालत नाहीत, घरची माणसं त्याच ताटात हात घालतात. एरवी बायकोच्या मामासोबत जावई जेवत नाही, पण त्या दिवशी उपाशी तोंडं जास्त दिसावीत म्हणून मामाने मलाही बसवलं. मी पहिला गोळा भेंडीत बुडवून तोंडात घातला. तो गिळेना. भुसा दातांत अडकला, भेंडीची तार हनुवटीवर आली, घसा आतून खरवडला गेला. आणि माझ्या बाजूला बसलेल्या मामाने घास घेता घेता ढेकर दिली. आदल्या दिवशी त्याच्याकडे बकरा कापला होता. त्या ढेकरीला बकऱ्याचा वास होता. मी हात धुवायच्या निमित्ताने उठलो आणि आंब्याच्या मागे जाऊन थुंकलो.

वेझी मात्र खात होती. मुकाट्याने, खाली बघून, एकेक गोळा. वाढणाऱ्या एसिनाटीचा चेहरा राखेसारखा झाला होता. कोंबडी कुंपणापलीकडे ओरडत होती.

"हे रोज खाता?" वेझीने मामाला विचारलं.

"मिळालं तर, मॅडम."

"आणि त्या कणग्या?"

"रिकाम्या आहेत."

एका कणगीच्या फटीतून मक्याचं कणीस बोटभर बाहेर आलं होतं. ते सगळ्यांना दिसत होतं. तिलाही दिसत होतं. मामा तिच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलत होता आणि त्याचा आवाज गदगदून आला होता. खरंच डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. ते पाणी बघून मला त्याची शिसारी आली, आणि माझ्या आजूबाजूला माना डोलावणाऱ्या प्रत्येकाची.

जेवण झाल्यावर वेझी गाव बघते म्हणून उठली. मामाने दोन माणसं तिच्यासोबत दिली. तिने त्यांना पाणी आणायला विहिरीवर पाठवलं आणि सरळ माझ्या टपरीपाशी आली. मी बाकावर बसलो होतो. बसलो कशाला, लोंबणारं तारेचं टोक लपवायला तिथे पाठ टेकून बसलो होतो.

"काका, ही तार कसली?"

"कपडे वाळत घालायला."

"तांब्याची?"

"मिळाली ती बांधली."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. खाली वाकून तिने मातीतून चिमूटभर काहीतरी उचललं आणि तळहातावर धरलं. केस होते. बारीक, सगळे एका लांबीचे.

"ब्लेडने असे पडत नाहीत," ती म्हणाली. "माझ्या भावाचं सलून आहे."

तिने हात झटकला.

"काका, हे माझं अकरावं गाव. अकराच्या अकरा ठिकाणी भर दिवसा चिमणी पेटलेली होती. नऊ ठिकाणी म्हातारी खोकत होती. तुमची सगळ्यांत चांगली खोकते." ती हसली नाही. "मला वाटलं होतं, मी लोकांकडे जाईन, चटईवर बसेन, ते मला खरं सांगतील. मला आता पेन हातात धरवत नाही. इतकं वाईट वाटतं, इतका राग येतो. आणि सगळ्यांत राग कशाचा येतो सांगू? तुम्ही सगळे स्वतःचंच नुकसान करताय."

"कसलं नुकसान?"

"लाईट फुकट वाटायची नाहीये हो. जो खांब रोवणार, तो विचारतो, इथे वापरणार कोण? जिथे माणसं आत्ताच कशीबशी प्लेट-बॅटरी जोडून काम चालवतात, तिथे लाईट टिकते. जिथे चिमणीशिवाय काही नाही, तिथे खांब नुसते गंजतात. मी 'वापर काहीच नाही' असं लिहिलं की गाव गेलं यादीतून. मी हे तुमच्या प्रमुखांना बाजूला घेऊन सांगितलं. तीन वेळा सांगितलं. ते तीनही वेळा म्हणाले, मॅडम, आम्ही गरीब आहोत."

म्हणजे मामाने दाखवलेला अंधारच आम्हाला यादीतून काढणार होता.

"संध्याकाळी मी कागद देऊन टाकणार. त्यानंतर माझ्या हातात काही नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मला गाव बघायचं नाही, भाषण नको. एक चालू प्लेट दाखवा. एकच. मी नुसती बघेन आणि लिहीन. कोणी दाखवली ते लिहिणार नाही, तुमच्या प्रमुखांना कळणार नाही. काका, तुम्हाला कसलीही भीती नाही."

कणगी टपरीमागच्या कुंपणापलीकडे, चार पावलांवर होती. झाकण उचलायचं, दोन हात कणसं बाजूला करायची. मला एसिनाटीची मान दिसली. नदीतल्या दगडावर टोपली सावरत वाकडी झालेली. तिने हेरून ठेवलेली गिरणीची जागासुद्धा मी बसलो होतो तिथून दिसत होती.

आणि मग मला माझा हा बाक दिसला, रिकामा. घरोघरी लाईट. घरोघरी भिंतीत फोन लावायची जागा. बाजारातून एखादा पोरगा येईल, झगझगीत दिव्यांचं सलून टाकेल. या बाकावर कुत्रं झोपेल. माणसं रस्त्याने जातील आणि कोणी 'लुफेयो, लाव रे बाबा' म्हणणार नाही. पुन्हा मी फुकट खाणारं तोंड. मामाची भीती नव्हती, हे मी आज कबूल करतो. त्या मुलीने ती भीती माझ्या हातातून काढून घेतली होती, आणि ती गेल्यावर खाली जे उरलं ते हे होतं.

"आमच्याकडे काही नाही, मॅडम," मी म्हणालो. "आम्ही गरीब आहोत."

मग तिने वहीतून एक चिठोरा फाडला. "माझा नंबर लिहून देते. संध्याकाळपर्यंत मन बदललं तर..."

"फोनच नाही," मी म्हणालो. "नंबर घेऊन काय करू?"

तिने चिठोरा पुन्हा वहीत घातला. केस उचललेला हात तिने परकरावर पुसला, एकदा पुसला, पुन्हा पुसला, जणू त्याला काहीतरी चिकटलं होतं. मग मोटरसायकलवाल्याला हाक मारली. गाव तिला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत गेलं. एलुबी शेवटपर्यंत खोकत होती. धूळ खाली बसली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, छातीवरचं ओझं उतरावं तसं. तो सुटकेचा श्वास मी पुरता सोडलाही नव्हता, तोवर टपरीमागच्या गवताच्या कुंपणातून एसिनाटी बाहेर आली. हातात घासायची भांडी होती.

"मी ऐकलं," ती म्हणाली.

"मामांनी..."

"मामांचं बोलू नका. मामांनी लाईट यावी म्हणून खोटं केलं. अक्कल नाही त्यांना, पण लाईट यावी म्हणूनच केलं. तुम्ही कशाला केलंत?"

मी जमिनीकडे बघितलं. जमिनीवर केस पडले होते.

"बोला ना. तिने सांगितलं, कोणाला कळणार नाही. कणगी तिथे होती. मी पलीकडे झाकणावर हात ठेवून उभी होते. तुम्ही 'हो' म्हणायची वाट बघत होते."

"तारा आल्या असत्या," मी म्हणालो, "तर माझ्याकडे कोण आलं असतं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मामाच्या ढेकरीच्या वेळी माझा चेहरा जसा झाला असेल, तसा तिचा झाला होता. पंचवीस वर्षांत तिने मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"तुझ्या मानेत वाजायला हवं होतं ते," ती म्हणाली आणि भांडी उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट पुन्हा पत्र्यावर चढली, बाकावर माणसं बसली. तेवढ्यात एसिनाटी उखळ लोटत आली. पाटीभर मका, मुसळ, सूप, सगळं तिने टपरीच्या पुढ्यात, ऐन रस्त्यावर मांडलं. पुरुषाने मका कांडल्याचं आमच्या पंचक्रोशीत कोणी बघितलेलं नाही.

"पाय मोडलाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हात नाही. यापुढे दळणाला मी जाणार नाही."

मी उठलो आणि मुसळ हातात घेतलं. पहिल्या दहा घावांत तळव्याला फोड आले. बाकावरची माणसं आधी थक्क झाली, मग हसायला लागली, मग त्यांनी आणखी माणसांना बोलावून आणलं. "लुफेयो, कंबर हलव की!" "अरे, पाठीला पोर बांधा कोणीतरी!" एसिनाटी दारात मानेला ओलं फडकं लावून बसली होती. ती हसली नाही आणि आतही गेली नाही.

दुपारी मामा आला. उखळापाशी येऊन त्याने मला आपादमस्तक बघितलं.

"काय वेळ आली जावयावर," तो म्हणाला. "पण असू दे, सवय कर. ती मुलगी माझा हात धरून गेली, डोळे भरून आले होते तिचे. आता लाईट आलीच समज. मग तुझं हे दुकान बंद. तुझं काय होणार, याचीच मला काळजी लागलीय बघ."

तेव्हा एसिनाटी हसली. एकटीच, मोठ्याने, मान धरून.

"काळजी करू नका मामा," ती म्हणाली. "त्याचा बंदोबस्त त्याने कालच केलाय."

मामाला काही कळलं नाही. पण भाची हसतेय म्हणून तोही हसला, आणि खिशातून फोन काढून त्याने चार्जिंगला लावायला माझ्या हातात दिला.